मे २००६मध्ये न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या पुढच्या तुकडीसाठी

मार्च २००६च्या सुट्टीत हिलेल या ज्यू विद्यार्थी संघटनेबरोबर आम्ही चौदा जण न्यू ऑर्लिन्सला गेलो. २९ ऑगस्ट २००५ला कतरिना वादळ आलं, कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. मी ठाण्याची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली. त्याच वर्षी २६ जुलैचा चिखल आमच्या घरातून उपसला होता, पण आमच्याकडचं पाणी लवकर ओसरलं. इथे ते काही आठवडे साचून होतं.

आम्ही लेकव्ह्यू भागात काम केलं. दारांवर शोधपथकांनी स्प्रेने काढलेल्या फुल्या मार्चमध्ये अजून होत्या. वरच्या बाजूला तपासणीची तारीख, खाली किती माणसं सापडली तो आकडा. नजर आधी खालीच जाते.

२००६च्या या दिवसांत इथे बांधायचं कमी, उतरवायचं जास्त. सामान बाहेर, मग बुरशीने काळ्या पडलेल्या भिंती पहारीने फोडायच्या, लाकडी सांगाडा उघडा पडेपर्यंत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच या. एन-९५ मास्क, चामड्याचे हातमोजे, खिळा आरपार जाणार नाही असे बूट हवेतच. फ्रिज उघडू नका. टेपने गुंडाळून तसाच रस्त्याकडेला ठेवा.

पहिल्या दिवशी आम्ही भराभर ढकलगाड्या भरत होतो. घरमालकीण आजी एका गाडीमागे धावत आल्या आणि ढिगातून लाकडी डाव काढला. त्यांच्या आईचा, गंबोसाठी, म्हणजे इथल्या दाटसर रश्शासाठी, पीठ परतायचा. आम्ही तो कुजका म्हणून टाकला होता! मला फार लाज वाटली. त्यानंतर दाराशी घडीचं टेबल मांडलं. प्रत्येक वस्तू आधी टेबलावर, आजी ‘हो’ म्हणाल्या की मगच ढिगावर. कामाचा वेग निम्मा झाला, तरी तुम्हीही तसंच करा.

जवळच्या बेथ इस्राएल सिनेगॉगमध्ये सुमारे दहा फूट पाणी चढलं होतं. सात सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, खराब झाल्या. रिवाजाप्रमाणे त्या कब्रस्तानात पुरल्या.

कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम, पाळणाऱ्यांनी खाणं बरोबर आणावं, इथल्या पदार्थांत कोळंबी नाहीतर डुकराचं सॉसेज असतंच. राजम्यातही विचारून घ्या. शुक्रवारी दोनला काम थांबवा. अंगावरची धूळ निघायला वेळ लागतो, आणि शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणारा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, थांबत नाही.

आजींच्या मागच्या दोन खोल्या राहिल्यात. मेमधल्या तुकडीने तिथूनच सुरुवात करावी. पहारी आणि टेबल त्यांच्या पडवीत ठेवलंय.