तुम्ही विचारलंत म्हणून: तीन कुत्री एका घरात कशी नांदतात?

गोव्यात म्हार्दोळला आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की चहा येण्याआधी प्रश्न येतो, ‘तीन-तीन कुत्री, भांडत नाहीत का हो?’ ज्यांच्या स्वतःच्या घरी दोन आहेत ते हेच जरा आवाज उतरवून विचारतात. ‘आमचा थोरला धाकट्याला भांड्याजवळ फिरकू देत नाही. परवा कानच फाडला. काय करायचं?’

दोघांनाही मी एकच सांगते. कुत्री भांडणारच. ज्यावरून भांडण होतं ती वस्तू, ती जागा आणि ती वेळ मात्र आपल्या हातात असते. आधी घराची व्यवस्था लावायची, शिकवणी नंतर. लोकांना हे उत्तर फारसं आवडत नाही. त्यांना शिट्टी मारली की दोघं शहाण्यासारखी बसतील अशी एखादी युक्ती हवी असते.

आमच्याकडे टायगर म्हातारा, आबोली मधली आणि बंड्या तरणा. आबोलीचा रंग त्या फुलासारखाच आहे, म्हणून ते नाव. बंड्या फोंड्याच्या बाजाराजवळ सापडला, आणि जे मिळेल ते आधी पोटात घालायचं, चव नंतर बघायची, हे तिथलं शिक्षण घेऊनच तो घरात आला.

आपलं ते राखणं याला कुत्र्यांचे शिक्षक ‘रिसोर्स गार्डिंग’ म्हणतात. हा दुर्गुण नव्हे. आईच्या अंगाला लुचणारी पिल्लंही एकमेकांना ढकलतात. कुत्रा भांडं राखतो, हाड राखतो, पंख्याखालची फरशी राखतो, सोफा राखतो, माणूससुद्धा राखतो. कशाला किती किंमत द्यायची हे तोच ठरवतो. बंड्याला दुकानातून आणलेला रबरी बॉल दिला तर तो ढुंकून बघत नाही. नारळाची करवंटी मात्र दोन पायांत धरून अशी बसतो की जवळून कोंबडीही जायला धजत नाही.

राखणं कुठे सुरू होतं ते ओळखायचं असेल तर कान बंद ठेवून डोळ्यांनी बघायला शिका. आमच्याकडे बांगडे आले की डोकी उकडून कुत्र्यांना मिळतात. समजा एखादं डोकं आबोलीच्या पुढ्यात आहे आणि बंड्या विहिरीकडून येतोय. आबोली लगेच गुरगुरत नाही. आधी तिचं चावणं थांबतं, घास तोंडातच राहतो. मान दोन बोटं खाली जाते, अंग दगडासारखं होतं. डोकं न वळवता डोळे तेवढे बंड्याकडे फिरतात आणि कडेला पांढऱ्याची कोर दिसते. कधी याच्या उलट होतं आणि ती भराभर गिळायला लागते. बंड्या इथेच वळला तर विषय मिटला. नाही वळला तर ओठ वर जातो, मग गुरगुर, मग हवेतला चावा, आणि त्यानंतर खरा. एवढ्या पायऱ्या आहेत, पण बहुतेक घरांत गुरगुर ऐकू येईपर्यंत कुणाचं लक्षच नसतं. मग म्हणायचं, ‘काही कारण नसताना अंगावर गेला.’

आणि नेमकी ती गुरगुरच लोकांना खुपते. ‘गप्प!’ म्हणून ओरडायचं, नाकावर चापट द्यायची. कुत्रा शिकतो की गुरगुरलं की मार बसतो. दुसरा कुत्रा जवळ आल्याची धास्ती तशीच राहते, मधली सूचना तेवढी गळते. पुढच्या खेपेला तो सरळ दात लावतो. माझ्या घरात कुत्र्याला गुरगुरायची मुभा आहे. ते ऐकलं की मी दुसऱ्याला हाक मारून बाजूला घेते, आणि असं होण्याइतकी ती दोघं जवळ आलीच कशी ते बघते.

‘मालक कोण आहे ते दाखवा त्याला’ हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक तिठ्यावर फुकट मिळतो. कुत्र्याला उताणा पाडून धरा, त्याच्या आधी जेवा, त्याच्या भांड्यात हात घाला. या समजुतीचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांबद्दल लिहिलं, त्यातून म्होरक्या लांडग्याची कल्पना पसरली. ती लोकप्रिय करण्यात लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता, आणि १९९९ मध्ये त्याच मेक यांनी मोकळ्या रानातले कळप पाहून लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, म्होरकेपणासाठी चाललेली मारामारी नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना कोणते उपाय करून पाहिले ते विचारलं आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मारणं किंवा लाथ घालणं केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं की कुत्रा उलट अंगावर आला. उताणा पाडणाऱ्यांमध्ये हा आकडा ३१ टक्के होता. तेव्हा तिठ्यावरच्या सल्लागाराला चहा पाजा आणि घरी या.

आता व्यवस्था. जेवण वेगवेगळ्या ठिकाणी, मध्ये बंद होणारं दार. आमच्याकडे टायगर स्वयंपाकघरात, आबोली मागच्या अंगणात, बंड्या न्हाणीघरात. एका खोलीत चार कोपऱ्यांत चार भांडी ही वाटणी उपयोगाची नाही, कारण भराभर खाणारा आपलं संपवून दुसऱ्याच्या समोर जाऊन उभा राहतो. तो चावतबिवत नाही, नुसता बघत राहतो. आणि खाणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. खाऊन झालं की रिकामी भांडी उचलायची. रिकामं भांडंसुद्धा राखलं जातं. हाडं, चघळायच्या कांड्या, करवंट्या, सगळं दाराआड, आणि दार उघडायच्या आधी उरलंसुरलं उचललेलं. पाणी मात्र दोन-तीन ठिकाणी असू द्या, म्हणजे एकाच बादलीवर कुणी ठाणेदार होऊन बसत नाही. शेजारणीला प्रेमाने सांगा की कुंपणावरून मटणाची हाडं टाकू नका. मला हे काम बाकी सगळ्यांपेक्षा अवघड गेलंय.

पावसाळा म्हणजे गोव्यातल्या कुत्र्यांच्या घरात खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर अंगण जातं. एरवी माडाखाली, विहिरीजवळ, गाडीच्या सावलीत पांगलेली तीन जनावरं एका पडवीत येतात, अंग ओलं, फिरणं कमी. पडवीत कोरडी जागा दाराजवळची, आणि तिघांनाही तीच हवी. दोन जावांना एकच चूल दिली तर काय होईल, तेच इथे होतं. मी पडवीत कुत्र्यांपेक्षा जास्त गोणपाटं घालते, एकमेकांपासून लांब, आणि एक टेबलाखाली, जिथे पाठ झाकलेली राहते. पाऊस उघडला की दहा मिनिटं का होईना, एकेकाला वेगळं फिरवते. दमलेल्या कुत्र्याला जागेचा मोह कमी असतो.

फाटकाजवळचं भांडण वेगळंच, कारण त्यात राखायला वस्तूच नसते. सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की तिन्ही फाटकाकडे सुसाट सुटतात. बाहेर रस्त्यावरची कुत्री, आत आमची, मध्ये लोखंडी गज. बाहेरच्याला पोचता येत नाही, तो राग शेजारी उभा असेल त्याच्यावर निघतो. बंड्याने आबोलीचा गळा धरला तो असाच, आणि पोदेर बिचारा पोई (आमचा गोव्याचा पाव) हातात धरून ओरडत राहिला. तेव्हापासून पोईची पिशवी कुंपणाच्या खुंटीला असते, आणि भोंग्याच्या वेळी बंड्या मागच्या बाजूला दोरीवर. चतुर्थीला पाहुणे, पोरंबाळं, जमिनीवर मांडलेली पानं; दिवाळीच्या आदल्या नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत ढोल आणि स्पीकर. अशा दिवशी कुत्री आधीच कातावलेली असतात आणि एरवी पचलं असतं ते पचत नाही. त्या दिवशी मी त्यांना आपापल्या खोल्यांत ठेवते. पाहुण्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

माणूस राखणाऱ्या कुत्र्याचं औषध सोपं. तुमच्या मांडीशी बसून तो दुसऱ्यावर गुरगुरला तर काही न बोलता उठून चालू लागा. राखायची वस्तूच उठून गेली, आता भांडणार कशावर?

व्यवस्था लागली की मग शिकवणी. सूत्र एवढंच की दुसरा जवळ आला की काही जातं, हा अनुभव बदलून दुसरा दिसला की काहीतरी मिळतं, असा करायचा. आबोलीला दोरी लावून एका टोकाला बसवायचं, घरातल्या दुसऱ्या कुणी बंड्याला लांब, ती सहज श्वास घेऊ शकेल इतक्या अंतरावर आणायचं. बंड्या दिसला की आबोलीला उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, बंड्या आडोशाला गेला की चिकन बंद. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करायचं. ती ताठ झाली की आपण घाई केली, मागे जा. हाड समोर ठेवून सुरुवात अजिबात करायची नाही. आणि निम्मी मेहनत दुसऱ्या बाजूची असते, ती सगळे विसरतात. बंड्याला नावाने हाक मारली की हातातलं सोडून, मान वळवून माझ्याकडे यायचं हे मी अंगणात, घरात, पावसात रोज घोटून घेतलंय. राखणाऱ्यालाच सुधारायला निघालेल्या घरांत येऊन त्रास देणारा तसाच मोकाट राहतो.

शांत कुत्रा एकाएकी राखायला लागला तर शिकवणीआधी पशुवैद्याकडे जा. टायगर गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी आपल्या गोणपाटापाशी कुणालाच येऊ देईना. मागच्या पायांचे सांधे धरले होते. कुणी अंगावरून उडी मारली तर दुखेल ही त्याची भीती होती. औषध आणि जाड गादी मिळाल्यावर गुरगुर जवळपास गेली. कानातला संसर्ग, दातांचं दुखणं, थायरॉइड आणि आपल्याकडे सर्रास होणारा गोचिडांचा ताप, या सगळ्यांत कुत्रा चिडका होऊ शकतो. घरातली वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखं आहे.

जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही, गळपट्टा धरायचा नाही. त्या क्षणी कुत्र्याला आपला हात आणि समोरच्या कुत्र्याचा पाय यांतला फरक कळत नाही. स्टीलचं झाकण आपटा, बादलीभर पाणी मारा, अंगावर जाड चादर टाका, दोघांच्या मध्ये खुर्ची किंवा प्लायवुड सरकवा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय धरून मागे ओढत न्यायचं आणि वेगवेगळ्या खोल्यांत घालायचं. लगेच ‘सॉरी म्हणा एकमेकांना’ करायला जवळ आणू नका. अंगातली तार उतरायला एखादा दिवसही लागतो. केसांत बोटं घालून जखमा शोधा. दातांचं भोक वरून टाचणीएवढं दिसतं, आत खोल असतं आणि पिकतं. माणसाला दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन आरोग्य केंद्र गाठा. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला खरा, पण त्या भरवशावर डॉक्टर टाळू नका, आणि घरच्या कुत्र्यांची लस वेळेवर द्या.

‘नसबंदी केली की थांबेल ना?’ हेही विचारतात. नसबंदी इतर कारणांसाठी जरूर करा, पण हाडावरचं भांडण त्याने मिटेल असं समजू नका. घरातली सगळ्यात चिवट भांडणं बऱ्याचदा दोन माद्यांची असतात, आणि ती वयात आल्यावर सुरू होतात. रक्त निघालेलं असेल आणि त्या दोघी एकमेकींना बघताच ताठ होत असतील तर जाळीच्या तोंडपट्टीची सवय लावा, वर्तनाचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याचा सल्ला घ्या, आणि तरी जमेना तर एक आत एक बाहेर अशी पाळी लावा किंवा एकीसाठी चांगलं घर शोधा. त्यात कमीपणा नाही. दोन जनावरांनी एकमेकांवर प्रेम केलंच पाहिजे हा हट्ट आपला असतो.

दुसरा कुत्रा आणायच्या विचारात असाल, तर पहिली भेट फाटकात नको. कापणी झालेल्या शेतात दोघांना सैल दोरीवर, बाजूबाजूने, थोडं अंतर ठेवून चालवा. घरी येण्याआधी भांडी, खेळणी, करवंट्या उचला. पहिले काही आठवडे दोघांना एकटं सोडून बाजाराला जाऊ नका, आणि खाटकाकडे गेलात तरी हाडं मागू नका.