माजा हात किती गेला?

हळदीचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डात सकाळी नऊनंतर डोकं वर काढायला सवड मिळत नाही. मी इथे एका अडत दुकानात दिवाणजी आहे. आवक लिहायची, वजनाच्या चिठ्ठ्या जुळवायच्या, सौदे झाले की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा आणि कपातीचा हिशेब, करायची. सांगलीत हे काम करणारे शेकड्यांनी असतील. फोटो विकणारा दिवाणजी मात्र माझ्या माहितीत मी एकटाच.

हे खूळ चार वर्षांपूर्वी लागलं. जुना वापरलेला कॅमेरा घेतला, रविवारी आयर्विन पूल, हरिपूरचा संगम, गणपती मंदिर असं फिरू लागलो. मग कुणीतरी सांगितलं की शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी अशा फोटो विकणाऱ्या साइटवर फोटो टाकले की जगात कुणीही ते विकत घेतो आणि आपला वाटा आपल्याला मिळतो. हातात पैसे पडण्याआधी एक फॉर्म भरावा लागला. त्यात पॅन नंबर घालून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागायचा. मागितला तर तिथल्या विक्रीवर 15 टक्के कर कापतात, नाही मागितला तर 30. शेतकऱ्यांच्या पट्ट्या करून करून कपातीचे आकडे बघायची सवय झालेली, त्यामुळे हा भाग मला जमला.

बाकीचं जमायला वर्ष गेलं. कृष्णेवरचा सूर्यास्त कुणालाच नको असतो, कारण तो सगळ्यांनीच काढलेला असतो. आमच्या शेडमध्ये उजेड कमी, म्हणून फोटो रवाळ येतो आणि साइटवाले तो परत पाठवतात. पोत्यावर कंपनीचा छाप दिसला तरी परत. मग मी हमालांना पोती उलटी लावायला सांगू लागलो. ते बिचारे लावायचे, पण माझ्याकडे बघून हसायचे. गिऱ्हाइकाला शोधता यावा म्हणून प्रत्येक फोटोला पन्नासेक इंग्रजी शब्द चिकटवायचे, तेही रात्री जेवण झाल्यावर. आमच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून मी हौसेनं प्रत्येक फोटोला सांगलीचं नाव लावायचो. तिकडे सांगली शोधतो कोण! लोक शोधतात हळदीचं दूध. बायकोनं सर्दीसाठी केलेला पेला खिडकीत ठेवून काढलेला फोटो आजवर माझा सगळ्यात जास्त कमावणारा फोटो आहे. पेला स्टीलचा नव्हता, काचेचा होता, हे माझं नशीब.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी दुकान उघडताना मोबाइलवर एका साइटचा निरोप आला. आदल्या आठवड्यात पाठवलेला एक फोटो त्यांनी अडवला होता. हळकुंडं चाळताना दोन हात, बोटांच्या सुरकुत्यांत पिवळी धूळ, मागे अंधार. मला स्वतःला फार आवडलेला. तोंड दिसत नव्हतं म्हणून परवानगीचा प्रश्नच नाही असं मी धरून चाललो होतो. पण उजव्या मनगटाच्या वर गोंदण होतं, तुळशीचं रोप आणि खाली पाच ठिपके. गोंदणावरून माणूस ओळखू येतो, तेव्हा मॉडेल रिलीज, म्हणजे त्या माणसाच्या संमतीचा फॉर्म, जोडा, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, यार्डात कुणालाही तो फोटो दाखवला असता तर त्यानं सांगितलं असतं, हा आक्काचा हात.

आक्का आमच्याकडे माल निवडायला, चाळायला येतात. माहेर हरिपूरचं. तिथे पूर्वी जमिनीतल्या पेवांत हळद साठवायचे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं, हे त्या अजून सांगतात. 2005 च्या पुरानं त्या पेवांचं काय केलं तेही सांगतात, पण ते ऐकायला तासभर हाताशी हवा.

दुपारी सौदे आटोपले, माणसं भाकरीला बसली, तेव्हा मी फॉर्मची प्रिंट घेऊन आक्कांकडे गेलो.

"आक्का, तुमच्या हाताचा फोटो काढलाय. हितं सही पायजे."

"कशाला? रेशनचं हाय का?"

मी समजावलं. फोटो परदेशात विकायला ठेवायचा आहे, हात तुमचा आहे म्हणून तुमची संमती लागते. आक्कांनी भाकरी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले. "काय लिवलंय ते समदं वाचा."

फॉर्म इंग्रजीत. मी एकेक ओळ मराठी करून सांगू लागलो. नाव, पत्ता ठीक. जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, "आधारवर हाय ती घाला." आधारवर 1 जानेवारी. आमच्या यार्डात निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच असतो. पुढची ओळ होती की हा फोटो जाहिरातीला, पुस्तकाला, वेष्टनाला, कुठेही वापरता येईल.

"कुटंबी म्हंजे? दारूच्या बाटलीवर?"

अश्लील किंवा बदनामी होईल असा वापर करायचा नाही एवढं फॉर्मवर होतं. दारूबद्दल काही नव्हतं. मी तसं खरं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "हातच हाय न्हवं. तोंड न्हाई. चालंल. म्होरं?"

पुढे ते वाक्य होतं. असे फॉर्म मी याआधी तीन भरून घेतले होते, एक बायकोकडून, दोन मेहुण्याकडून, आणि प्रत्येक वेळी त्या वाक्यावरून नजर नुसती सरकली होती. योग्य मोबदला मिळाला असून तो मिळाल्याची याद्वारे पोच देत आहे.

"कुणाला मिळाला?"

"तुम्हाला."

"कवा?"

मी गप्प. आजूबाजूच्या दोन बायका जेवायच्या थांबल्या. आक्का म्हणाल्या, "मला तर आज च्याबी मिळाला न्हाई. आन् मिळाला म्हनून सही करू व्हय? उद्या तुमीच कागुद दाखवाल."

गादीवरून अण्णा, म्हणजे आमचे मालक, हे सगळं ऐकत होते. त्यांनी बोलावलं. "दिवाणजी, नीट हिशेब सांगा. माल तुमचा, विकणारा ते. अडत किती?"

मी सांगितलं. कुणाकडे फोटो काढणाऱ्याला ठरलेले 33 टक्के, कुणाकडे 15 पासून 40 पर्यंत पायऱ्या, विक्री वाढेल तसं वर चढायचं, आणि जानेवारी आली की परत खालच्या पायरीवर. वर्गणीदारानं फोटो घेतला तर कधी कधी आपल्याला दहा सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे शंभरातले सदुसष्ट अडत्याला? आणि हा त्यातल्या त्यात बरा?" ते हसायला लागले ते थांबेनात. "अरे, आमच्याकडे शेकड्यात एक रुपया वाढवा म्हटलं तर मोर्चा येतो. असला अडत्या यार्डात असता तर शेतकऱ्यांनी काट्यावर बसवून तोलला असता."

मी म्हणालो, त्यांचा खर्च असतो, गिऱ्हाईक जगभरचं असतं. ते मला अजूनही पटतं. माझा माल मी इथल्या शेडमध्ये बसून जर्मनीत कसा विकणार? पण अण्णांसमोर ते वाक्य फिकंच वाटलं.

आक्का तोवर उंबऱ्यापाशी येऊन उभ्या होत्या. "मंग त्या तेहतिसात माजं किती?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण प्रश्नच कधी पडला नव्हता. कायद्यानं फोटो माझा, हे मला पक्कं ठाऊक होतं. विश्रामबागला माझ्या मित्राचा स्टुडिओ आहे, तो लग्नाचे फोटो अशा साइटवर टाकायला निघाला होता. तेव्हा आम्ही 1957 चा कॉपीराइट कायदा वाचला होता. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचा. आपल्या हौसेनं काढलेला आपला. हे मी आक्कांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"अर्धेलीनं करा," अण्णा म्हणाले. "जमीन हिची, कसणार तू."

"आन् उचल," आक्का म्हणाल्या. "उचल दिल्याबिगर मी कुनाच्या बांधाला जात न्हाई."

पाचशे ठरले. खिशात तीनशे होते, दोनशे अण्णांनी माझ्या पगारातून दिले, तेही लगेच वहीत मांडून. आक्कांनी नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि मग फॉर्म घेतला. सही सावकाश केली, अक्षर जोडून, सुटं एकही नाही. साक्षीदार म्हणून फोटो काढणारा चालत नाही, म्हणून तिथे एका हमाल तात्यांची सही घेतली. त्यांनी आधी विचारलं, "साक्षीला काय?" त्यांना चहा पाजला.

रात्री फॉर्म स्कॅन करून जोडला. चार दिवसांनी फोटो मंजूर झाला.

हंगाम संपेपर्यंत तो सोळा वेळा गेला. सगळे मिळून 154 रुपये. कुठे छापला, कुणी घेतला, काही कळत नाही; दारूच्या बाटलीवर तरी मला दिसलेला नाही. दर पंधरा दिवसांनी आक्का चाळणी हलवता हलवता ओरडून विचारतात, "दिवाणजी, माजा हात किती गेला ओ?" आणि मी सांगेपर्यंत सगळी शेड कान लावून असते. मागच्या महिन्यात आणखी दोघी आल्या. एकीच्या कपाळावर गोंदण आहे, दुसरीनं सरळ विचारलं, उचल किती देता.

दुकानाच्या जुन्या खतावणीत मागे काही पानं कोरी होती. तिथे आक्कांच्या नावानं एक पान उघडलंय. नावे 500. जमा 77.