सहा सेकंद आणि एक तास, पण मधलं काय? डी अँड डीमध्ये वेळ मोजण्याचा माझा अनुभव

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या टेबलावर बसून पात्रं रंगवायच्या खेळात लढाईतली वेळ मोजायला कुणाचंच डोकं लागत नाही. पाचव्या आवृत्तीत राउंड ६ सेकंदांचा, १० राउंडचं एक मिनिट, आणि सगळ्यांच्या टर्न (पाळ्या) त्याच ६ सेकंदांत. प्रवासही तसाच सोपा: सामान्य चालीने ताशी ३ मैल, दिवसाला ८ तास, २४ मैल. पुढे चला.

घोडं अडतं ते या दोन्हींच्या मध्ये. लढाई आटोपली, समोर बंद दार आहे आणि मशाल एक तास जळते. आतापर्यंत किती जळली? २०१४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात एवढंच सांगितलंय की लांब बोळातून दबकत जायला साधारण एक मिनिट, टोकाच्या दाराला सापळा आहे का ते बघायला आणखी एक आणि आतली खोली धुंडाळायला चांगली दहा मिनिटं. ही मिनिटं मांडायची कुठे आणि बेरीज कुणी ठेवायची? त्याची सोय नाही. मग डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतो, ‘झाला असेल अर्धा तास.’ विझर्ड (जादूगार) म्हणतो, ‘छे, माझा फ्लाय अजून चालू आहे.’ तो उडण्याचा स्पेल (मंत्र) दहा मिनिटांचा. बसा भांडत.

वैताग याचा येतो की हे सगळं फार पूर्वीच सुटलेलं होतं. १९७४च्या मूळ खेळातच दहा मिनिटांची टर्न होती (लढाईतली पाळी नव्हे, वेळेचं माप). १९८१च्या बेसिक संचात तर हिशोब चोख आहे: मशाल ६ टर्न, कंदील तेलाच्या एका बुधलीवर २४ टर्न. दर २ टर्नना भटक्या राक्षसांसाठी डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकायचा, १ पडला की गाठ पडलीच. सहातली एक टर्न विश्रांतीची. लढाईचा राउंड तिथे १० सेकंदांचा, पण दम खाणं, जखमा बांधणं, हत्यारांना धार लावणं धरून लढाईला पूर्ण टर्न जाते. १९७९च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्सने तर ठळक मोठ्या अक्षरांत बजावलंय की वेळेची काटेकोर नोंद नसेल तर कॅम्पेनला (अनेक बैठकींच्या सलग खेळाला) अर्थच राहत नाही. आणि पुढे ही टर्नच काढून टाकली!

ती मी माझ्या टेबलावर परत आणली आहे. चौकटीच्या वहीचं पान घ्यायचं, एका ओळीत सहा चौकटी, एक ओळ म्हणजे एक तास. खोलीची झडती, सापळा निकामी करणं, लढाई आणि नंतरची लूट, रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून टाकलेला स्पेल (त्याला नेहमीपेक्षा १० मिनिटं जास्त लागतात), जड चिलखत चढवणं: प्रत्येकाला एक चौकट. शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) अख्खी ओळ. मशाल पेटवली की सहा चौकटी पुढे मोजून तिथे आत्ताच ‘विझली’ लिहून ठेवा, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि पेन्सिल डीएमच्या हातात नको. ज्याच्या कॅरेक्टरच्या हातात मशाल आहे त्याला द्या, तो बरोबर लक्ष ठेवतो.

चुकतं कुठे? चौघं एकाच वेळी चार कामं करत असतील तर चौकट एकच खोडायची, चार नाहीत. पार्टी (पात्रांचा गट) फुटली तर दोन ओळी समांतर चालवा आणि वेळेत मागे पडलेल्या गटाला आधी खेळवा. नुसत्या चालण्याला चौकट लावू नका. सावध चालीनेही मिनिटाला २०० फूट होतात, त्यात डन्जनचा (भुयारी तळघराचा) बहुतेक बोळ संपतो.

डार्कव्हिजनवाले (अंधारात बघू शकणारी पात्रं) मशाल पेटवतच नाहीत, त्यांना आठवण करून द्या: गडद अंधार त्यांना अंधुक उजेडासारखा दिसतो, म्हणजे नजरेने शोधताना डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). एवढं लक्षात आणून दिलं की बरेच जण गुपचूप मशाल काढतात.

२०२३च्या ‘शॅडोडार्क’ या दुसऱ्या खेळात मशाल खऱ्या घड्याळाने एक तास जळते. कागदच नको, फोनवर टायमर लावला की झालं. मला ते आवडतं, पण एखाद्या नियमावर वाद सुरू झाला तरी मशाल जळतच राहते, आणि माझ्या टेबलावर वाद फार.

हो, लाँग रेस्टचं राहिलंच. ही ८ तासांची विश्रांती २४ तासांत एकदाच लागू होते, म्हणून उठल्याची वेळ समासात लिहा. नाहीतर सकाळी एक लढाई झाली की लगेच ‘आम्ही झोपतो’ सुरू होतं.

दिवसांसाठी त्याच वहीचं शेवटचं पान वापरा. फरगॉटन रेल्म्स या डी अँड डीच्या काल्पनिक जगात महिना ३० दिवसांचा आणि आठवडा १० दिवसांचा, म्हणजे महिन्याला दहा-दहा चौकटींच्या तीन ओळी. वर्षातले ५ सणाचे दिवस कोणत्याच महिन्यात मोडत नाहीत, ते दोन महिन्यांच्या मधे येतात. त्यांना सुटी चौकट ठेवा, तारीख तिथेच घसरते.