ग्रँड ओल ऑप्री : नॅशव्हिलमधली शनिवारची रात्र

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात 'ग्रँड ओल ऑप्री' ऐकायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती म्हणजे आपण एखाद्या गायकाच्या मैफलीला नव्हे, तर कंट्री संगीताच्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांच्या, रेडिओ कार्यक्रमाला चाललो आहोत. एका विमा कंपनीच्या डब्ल्यूएसएम या केंद्राने २८ नोव्हेंबर १९२५ रोजी हा कार्यक्रम सुरू केला, आजही तो त्याच केंद्रावरून थेट ऐकवला जातो, आणि सभागृहात जे जे नवल वाटते त्यातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ तिथेच सापडते. कोण कोण गाणार आहे, याची फारशी चौकशी न करताच मी तिकीट काढले. गायकांची यादी दर प्रयोगाला बदलत असल्यामुळे त्या रात्रीची नावे इथे देऊन वाचकांना काही उपयोगही नाही.

कंट्री संगीताची गोडी मला अमेरिकेत आल्यावर लागलेली नाही. वसईला आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात जिम रीव्ह्ज या अमेरिकन कंट्री गायकाच्या रेकॉर्ड वाजत असत, आणि वसईपासून गोव्यापर्यंत कित्येक घरांत त्यांच्या आवाजाशिवाय नाताळ साजरा होत नसे. रीव्ह्ज १९५५ मध्ये ऑप्रीचे सदस्य, म्हणजे तिथले नेहमीचे कलाकार, झाले आणि ३१ जुलै १९६४ रोजी, स्वतः चालवत असलेले छोटे विमान वादळात सापडून, नॅशव्हिलजवळच मरण पावले. त्यामुळे अटलांटाहून चार तास गाडी हाकत तिथे जाणे हे माझ्या दृष्टीने जुने देणे फेडण्यासारखेच होते. वाटेतले चॅटनुगा शहर मागे पडले की थोड्याच वेळात कालविभाग बदलून घड्याळ एक तास मागे जाते आणि संध्याकाळच्या प्रयोगाआधी जेवायला सवड मिळते.

पडदा वर गेला तेव्हा मागे लाल रंगाच्या धान्यकोठाराचा देखावा होता, आणि एका कडेला, हातात कागद घेतलेला निवेदक उभा होता. गायक येतो, दोन किंवा तीन गाणी म्हणतो आणि जातो; लगेच निवेदक प्रायोजकाची जाहिरात गंभीरपणे वाचून दाखवतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या पाठीमागे माणसे तारा ओढून, माइक सरकवून पुढच्या बारीची तयारी करतात. वादकांच्या मागे मांडलेल्या बाकांवर कलाकारांची पाहुणे मंडळी बसलेली असतात, त्यांच्यातल्या कोणी जांभई दिली तरी तीही आपल्याला दिसते. सुरुवातीला हा सारा प्रकार मला रसभंग करणारा वाटला, परंतु पाऊण तासानंतर त्यातली खरी गंमत कळली. चाळीस वर्षे गाणाऱ्या ज्येष्ठाला आणि प्रथमच या मंचावर आलेल्या मुलीला इथे साधारण सारखाच वेळ मिळतो, आणि कोणालाही पाल्हाळ लावता येत नाही. अर्थात, हा नियमही कधी कधी मोडला आहे. ११ जून १९४९ रोजी कंट्री गायक हँक विल्यम्स पहिल्यांदा ऑप्रीत गायले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांना सहा वेळा परत बोलावले, म्हणजे आपल्या संगीत नाटकांच्या भाषेत सहा वन्स मोअर!

माझे लक्ष मात्र गायकांवरून ढळून पुन्हा पुन्हा पेडल स्टील नावाचे वाद्य वाजवणाऱ्याकडे जात होते. हवाई बेटांवरच्या आडव्या गिटारीतून पुढे आलेले हे वाद्य चार पायांच्या टेबलासारखे समोर ठेवतात. उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडायच्या, डाव्या हाताने पोलादी दांडी तारांवरून सरकवायची, आणि त्याच वेळी पायांनी पेडल व गुडघ्यांनी लोखंडी पट्ट्या दाबून एखाद-दुसऱ्या तारेचा स्वर चढवायचा किंवा उतरवायचा, अशी ही सर्वांगाची कसरत असते. १९५४ साली गाजलेल्या, गायक वेब पिअर्स यांच्या एका गाण्यात वादक बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबले, आणि तेव्हापासून स्वरसमूहातला एक स्वर जागेवर राहून दुसरा वर सरकण्याचा तो परिणाम कंट्रीची ओळखच बनला. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ते लगेच जवळचे वाटते. फरक इतकाच, की आपली मींड एकटी चालते आणि इथे मात्र तिच्या सोबतीला स्थिर सूर असतात. बाल्कनीत बसल्यामुळे वादकाचे पाय मला स्पष्ट दिसत होते, म्हणून स्वस्त तिकिटाचा मला जराही पश्चात्ताप झाला नाही.

मंचाच्या मध्यभागी ओक लाकडाचे सुमारे सहा फूट व्यासाचे वर्तुळ बसवलेले आहे. १९४३ ते १९७४ या काळात ऑप्री नॅशव्हिलमधल्याच जुन्या रायमन सभागृहात होत असे. नवी वास्तू बांधताना तिथल्याच मंचाचा हा तुकडा कापून आणला गेला. मे २०१० मध्ये कंबरलँड नदीच्या पुरात मंचावर जवळपास चार फूट पाणी चढले, तरी हे वर्तुळ वाचवून पुन्हा बसवण्यात आले. त्यावर उभे राहताना गायकांचा आवाज कापतो, हे मी प्रत्यक्ष ऐकले. या परंपरेचा गौरव सगळेच करतात, पण हार्मोनिकावर आगगाडी धावत आणणारे डीफर्ड बेली यांना १९४१ मध्ये ऑप्रीतून काढून टाकले गेले, हेही सांगायला हवे. बेली कृष्णवर्णीय होते आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काळातले एक अत्यंत लोकप्रिय वादक होते. पुढे त्यांनी नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचे दुकान चालवले, आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत त्यांचा समावेश झाला तो थेट २००५ साली, त्यांच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायमन पाहिले. टॉम रायमन या जहाजमालकाच्या पुढाकाराने १८९२ मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून उभी राहिलेली ही इमारत आतून लाकडी आहे, बाक चर्चचेच आहेत आणि पाठीला चांगलेच टोचतात. तरीही मंचावर कोणीतरी गिटार जुळवत होते, तो नाद शेवटच्या रांगेत इतका स्वच्छ येत होता, की नव्या सभागृहातला ध्वनी मला त्यापुढे फिका वाटला. हिवाळ्यात ऑप्रीचे काही प्रयोग पुन्हा इथे होतात. पुढचे तिकीट मी त्याच दिवसांतले काढणार आहे, आणि शक्य झाले तर पुन्हा बाल्कनीतलेच.