लाटेची उंची आणि लाटेची लय : ड्रेक सामुद्रधुनीतील एक रात्र

दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे लाटा किती उंच होत्या. मी सहा मीटर असे सांगते आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. माझे मात्र होत नाही, कारण त्या रात्री आमचे जे हाल झाले त्यांचा उलगडा या आकड्याने होत नाही. तोच वारा होता, त्याच सहा मीटरच्या लाटा होत्या आणि जहाजही तेच होते. कॅप्टनने फक्त दिशा बदलली आणि अर्ध्या तासाच्या आत जहाजाचे वागणेच पालटले. अंटार्क्टिकाच्या हिमनगांविषयी आणि पेंग्विनांविषयी इतरांनी भरभरून लिहिले आहे. मला या पालटाविषयी लिहावेसे वाटते.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडील उशुआया बंदरातून निघालेले जहाज बीगल चॅनलमधून पूर्वेकडे जाते आणि उघड्या समुद्रावर आले की दक्षिणेकडे वळते. तेथपर्यंतचा प्रवास इतका संथ होता की जहाज चालू आहे हे किनाऱ्यावरचे डोंगर सरकताना पाहूनच कळत होते. पुढे दक्षिण अमेरिकेचे टोक असलेले केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची दक्षिण शेटलंड बेटे यांच्यामध्ये सुमारे ८०० किलोमीटर रुंदीचे पाणी आहे. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती फिरताना एखाददुसऱ्या बेटाचा अपवाद सोडला तर जमीन आडवी येतच नाही. त्यामुळे पश्चिमेचा वारा अखंड वाहतो, त्याने उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर मोठ्या होत येतात, आणि अंटार्क्टिकाला वळसा घालणारा समुद्रप्रवाहही पश्चिमेकडून पूर्वेकडेच जातो. तो दर सेकंदाला तेरा कोटी घनमीटरांहून अधिक पाणी वाहून नेतो, म्हणजे जगातील सर्व नद्या एकत्र केल्या तरी त्यांच्या शंभरपट. ही तिन्ही बळे एकाच दिशेने येतात आणि प्रवाशांच्या जहाजाला जायचे असते दक्षिणेला, म्हणजे त्यांना आडवे. ड्रेकची ख्याती त्याच्या वादळांमुळे आहेच, पण या आडवेपणाचाही त्यात मोठा वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिल्या संध्याकाळी उजव्या बाजूने लाटा येऊ लागल्या. दाराच्या मागे हुकाला अडकवलेला माझा कोट दारापासून सुटून हवेत तिरपा लटकताना दिसे, मग दारच त्याला येऊन भिडे आणि पुन्हा दूर जाई. झोप येणे शक्य नव्हते, म्हणून मी घड्याळ हाती घेतले. कोट दाराला टेकल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत बारा सेकंद जात. कधी अकरा, कधी तेरा, पण फिरून बाराच. माझी खोली पाण्यापासून बरीच वर होती. जहाज दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश कलते तेव्हा डोलण्याच्या अक्षापासून पंधरा मीटर उंचीवर निजलेला माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे दहा मीटर सरकतो आणि त्याच बारा सेकंदांत परतही येतो. डोलण्याच्या शेवटाला अंग पलंगाच्या कडेवर दाबले जात असे आणि मधल्या क्षणी ते हलके होई. हे रात्रभर चालणार असे गृहीत धरून मी उठले आणि कठडे धरत ब्रिजवर, म्हणजे जहाज जेथून चालवतात त्या खोलीत, गेले. त्या जहाजावर प्रवाशांना ब्रिजवर येण्याची मुभा होती, आणि असे जहाज मिळाल्याबद्दल मी खरोखर कृतज्ञ आहे.

पहाऱ्यावर असलेल्या अधिकारी बाईंना मी जहाज उलटणार तर नाही ना, असे सरळ विचारले. त्यांनी माझी भीती हसण्यावारी नेली नाही. त्यांनी सांगितले की जहाज जितके जोमाने परत सरळ होते तितके ते उलटण्यापासून दूर असते. मात्र फार जोमाने सरळ होणारे जहाज झटके देते आणि आतल्या माणसांना छळते. खलाशाला खरी धास्ती वाटते ती सावकाश कलणाऱ्या, टोकाला जाऊन रेंगाळणाऱ्या आणि परत यावे की नाही अशा विचारात पडल्यासारख्या जहाजाची. प्रत्येक जहाजाची डोलण्याची स्वतःची एक लय असते, आणि ती त्याची रुंदी, आतील वजनाची मांडणी व गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरते. आमच्या जहाजाची लय बारा सेकंदांच्या जवळपास होती. त्या रात्रीच्या लांब लाटाही बारा सेकंदांनीच येत होत्या.

यापुढचा हिशेब त्यांनी कागदाच्या तुकड्यावर मांडून दाखवला आणि तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. खोल समुद्रात बारा सेकंदांनी येणाऱ्या लाटेच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर सुमारे २२५ मीटर असते. उंची सहा मीटर आणि लांबी २२५ मीटर, म्हणजे अशा लाटेचा जास्तीत जास्त उतार जेमतेम पाच अंशांचा. पाच अंशांच्या उतारावर जहाज पाच अंश कलले असते तर कोणाला पेला धरावा लागला नसता. ते वीस अंश कलत होते, कारण झोक्याला योग्य क्षणी दिलेला हलका हात जे करतो तेच प्रत्येक लाट जहाजाला करत होती. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८६१ मध्ये वाचलेल्या निबंधात हेच दाखवून दिले होते की आडव्या लाटांत जहाज किती डोलेल हे मुख्यतः लाटेची लय आणि जहाजाची लय किती जुळतात यावर ठरते. अभियंते ब्रुनेल यांच्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाच्या निमित्ताने तो या प्रश्नाकडे वळला होता. जहाजाच्या तळाच्या वळणावर दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या बसवल्या की त्या पाणी ढवळतात आणि डोलण्याची ताकद खाऊन टाकतात, हेही त्याने प्रत्यक्ष जहाजांवर पडताळून पाहिले. आज बहुतेक जहाजांना अशा पट्ट्या असतात, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्यांची माहिती असते.

आमच्या जहाजाला पट्ट्यांशिवाय दोन बाजूंना बाहेर काढता येणारे पंखही होते. मग ते कुठे गेले, असे मी विचारले. ते बाहेरच होते. पण त्यांचा जोर त्यांच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. खवळलेल्या समुद्रात वेग चौदावरून दहा नॉटवर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) आणला की पंखांचा जोर निम्म्यावर येतो. ज्या वेळी त्यांची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वेळी ते दुबळे पडतात.

मध्यरात्रीच्या सुमारास कॅप्टन वर आले, त्यांनी काही वेळ नुसते उभे राहून समुद्राचा अंदाज घेतला आणि जहाज नैर्ऋत्येकडे वळवायला सांगितले. रस्ता लांबणार होता, वेळ जाणार होता. वळण सावकाश घेतले गेले, दोन मोठ्या लाटांच्या मधला जरा शांत अवधी पाहून, आणि आता लाटा नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उजवीकडून तिरप्या येऊ लागल्या. बारा सेकंदांची लाट सुमारे ३६ नॉट वेगाने धावते. जहाज तिला आडवे असताना भेटींमधला अवधी बाराच सेकंदांचा राहतो. पण दहा नॉटच्या वेगाने तिला तिरपे सामोरे गेले की तो दहा सेकंदांवर येतो. दोन सेकंदांचा फरक, आणि जुळलेली लय तुटली. शिवाय तिरप्या लाटेचा उतार जहाजाच्या कुशीला पूर्वीइतका भिडत नाही. कलमापकाचा काटा आधी पंधरावर आणि मग आठ-नऊ अंशांवर येऊन स्थिरावताना मी पाहिला. लाटांची उंची तसूभरही कमी झालेली नव्हती.

हे सारे फुकट मिळाले नाही. डोलणे कमी झाले तसे नाळेचे वर-खाली होणे वाढले. काही लाटांनंतर जहाजाचा पुढचा तळ पाण्यावर आपटे आणि सबंध सांगाडा थरथरे. तेव्हा वेग आणखी उतरवून आठ नॉट केला गेला. ज्यांना आडव्या डोलण्याने त्रास झाला नव्हता अशा काहींना आता बोट लागली. बोट लागण्याला सर्वांत अनुकूल लय म्हणजे पाच-सहा सेकंदांना एकदा वर-खाली होणे, हे प्रयोगांनी ठरलेले आहे. म्हणून जहाजाचे वर-खाली होणे जसे त्या लयीकडे सरकते तशी माणसे आडवी होऊ लागतात. ते सर्वांत तीव्र असते नाळेपाशी, सर्वांत सौम्य असते मध्यभागी. माझी खोली वरच्या मजल्यावर आणि नाळेच्या बाजूला होती. तीच सर्वांत उत्तम म्हणून सुचवण्यात आली होती, आणि सुचवणाऱ्यांनी दृश्याखेरीज दुसऱ्या कशाचाही उल्लेख केला नव्हता. याबद्दल माझी तक्रार आजही आहे. जहाजाच्या पोटात, मधोमध, लहान गोल खिडकीच्या स्वस्त मानल्या गेलेल्या खोल्यांतील माणसे सकाळी ताजीतवानी होऊन आली आणि आम्ही खिडकीवाले भिंती धरून चालत होतो. खोल्यांचा नकाशा विकणाऱ्याने जहाज कोठे किती हलते हे सांगणे हा उपकार मानला जाऊ नये. ते त्याचे कर्तव्य आहे.

वादळाखेरीज आणखी एक गोष्ट मला त्या ब्रिजवर खिळवून ठेवत होती. नकाशाच्या पडद्यावर जहाजाच्या चिन्हातून दोन रेषा निघत होत्या: एक नाळ कोणीकडे आहे ते दाखवणारी आणि दुसरी जहाज प्रत्यक्षात कोणीकडे जात आहे ते दाखवणारी. त्या दोहोंत सात-आठ अंशांचा कोन होता. प्रवाह जहाजाला पूर्वेकडे नेत होता आणि वारा त्याच्या उंच बाजूवर रेलून त्याला त्याच दिशेने ढकलत होता. प्रवाहाची गोष्ट सरळ आहे, कारण सगळे पाणीच सरकत असते आणि त्यात असलेले लहान-मोठे प्रत्येक जहाज तेवढेच सरकते. वाऱ्याचे तसे नाही. उंच इमला आणि उथळ बूड असलेल्या जहाजाला तो फार लोटतो, माल भरून खोल बसलेल्या जहाजाला कमी, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. एक नॉटचा प्रवाह दुर्लक्ष करण्याजोगा वाटतो. दहा नॉटने ड्रेक ओलांडायला त्रेचाळीस-चव्वेचाळीस तास लागतात. तेवढ्या वेळात तोच एक नॉट जहाजाला चाळीसहून अधिक सागरी मैल पूर्वेला नेऊन सोडतो. म्हणून नाळ सतत पश्चिमेकडे थोडी वळवून ठेवावी लागते आणि जहाज तिरपे राहून सरळ जाते.

अंटार्क्टिकातील दिवस सुंदर होते आणि त्यांविषयी येथे एवढेच पुरे. अपवाद डिसेप्शन बेटाच्या मुखाचा. बुडालेल्या ज्वालामुखीच्या त्या कड्यात शिरायची वाट सुमारे २३० मीटर रुंद आहे आणि तिच्या मधोमध पाण्याखाली खडक आहे. आडवा वारा सुटला होता. अशा ठिकाणी जहाज अगदी सावकाश न्यावे असे मला वाटत होते, आणि कॅप्टन ते तसे नेत नव्हते. कारण उघड आहे: वारा बाजूला लोटतो तेवढाच लोटतो, पण पुढचा वेग निम्मा केला की तिरपेपणा जवळजवळ दुप्पट होतो, आणि शंभर मीटर लांबीचे तिरपे जहाज अरुंद वाटेत स्वतःच्या रुंदीच्या कितीतरी पट जागा अडवते. शिवाय वेग फार उतरला तर सुकाणूवरून पुरेसे पाणी वाहत नाही आणि ते ऐकेनासे होते. कठड्यापाशी फोटोंसाठी झालेल्या गर्दीत मला धड उभे राहता आले नाही, तरी ती आठ-दहा मिनिटे माझ्या मनात कोणत्याही हिमनगापेक्षा ठळक आहेत.

परतताना ड्रेक शांत होते. वारा जवळपास नव्हता आणि पाणी गुळगुळीत दिसत होते, तरीही जहाज सावकाश, खोल श्वास घेतल्यासारखे उठत-बसत होते, कारण दूर नैर्ऋत्येला कुठेतरी होऊन गेलेल्या वादळाची लाट मागून येत होती. अशा लाटा किती दूर जातात हे समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये शोधले होते. अंटार्क्टिकाजवळच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग त्यांनी प्रशांत महासागर ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला. आमची लाट चौदा सेकंदांची होती. पण आम्ही तिच्यापासून पळत असल्यामुळे ती आम्हाला अठरा सेकंदांनी गाठत होती. मागून येणारी लाट सुखाची वाटते, मात्र सुकाणू धरणाऱ्याला ती आवडत नाही. लाट पिछाडी उचलून एका बाजूला सारते, नाळ दुसरीकडे वळते, आणि ती परत जागेवर आणेपर्यंत पुढची लाट आलेली असते. लाटा मोठ्या असल्या तर जहाज एकाएकी आडवे फिरण्याचा धोका असतो, असे त्याच अधिकारी बाईंनी मला या वेळी न विचारता सांगितले.

उशुआयाच्या धक्क्याला लागताना वारा किनाऱ्यावरून वाहत होता आणि जहाजाला बंदराबाहेर ढकलत होता. नाळेला बाजूला ढकलणारा, नाळेतच बसवलेला आडवा पंखा येथे कामाला लावला गेला. डोलणे कमी करणाऱ्या, पोटाशी असलेल्या पंखांना वेग हवा असतो, तर या पंख्याचे बळ वेग वाढला की झपाट्याने घटते. तो जवळपास थांबलेल्या जहाजालाच उपयोगी पडतो. कॅप्टन ब्रिजच्या बाहेर काढलेल्या टोकाशी उभे होते. त्यांनी जहाज धक्क्याशी कोन करून आणले, नाळेवरचा पहिला दोर खुंटाला अडकताच तो ताणून धरायला सांगितला, आणि वारा मागचा भाग बाहेर लोटत असतानाच सुकाणू व इंजिनाच्या जोरावर पिछाडी हाताहाताने आत आणली.