जुलैमधलं वाचन, दक्षिणेच्या हिशेबासह

शनिवार

आज पेटी बदलली. पाऊस सकाळपासून थांबलेला नाही. रिक्षातून पेटी उतरवताना तिघांनी तिच्यावर छत्र्या धरल्या आणि स्वतः चिंब झाले.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आमच्या सोसायटीत येते. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये नाशकात हे काम सुरू केलं. एका पेटीत शंभर पुस्तकं. ती वाचकांच्या एका गटाकडे काही महिने राहते, मग त्यांची पेटी दुसऱ्यांकडे आणि दुसऱ्यांची त्यांच्याकडे. या पेट्या आता दुबईपर्यंत गेल्यात. आमच्याकडची मात्र बी विंगच्या तळमजल्यावर, नोट प्रेसमधून रिटायर झालेल्या काकांच्या हॉलमध्ये असते आणि रजिस्टर त्यांच्याच हातात. दुसऱ्या कुणी नोंद केलेली त्यांना चालत नाही. आयुष्य नोटांच्या मोजणीत गेलेल्या माणसाला शंभर पुस्तकांचं काय!

रजिस्टरचे रकाने ठरलेले: नाव, फ्लॅट नंबर, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. काकांनी गेल्या वर्षी स्वतःच्या अखत्यारीत एक रकाना वाढवला, 'आवडलं का?' लोक त्यात काय वाट्टेल ते लिहितात. 'हो.' 'ठीक.' 'मुलाची बारावी आहे.' 'शेवट पटला नाही.' एका बाईंनी चार पुस्तकांपुढे ओळीनं 'हो' लिहिलंय आणि पाचव्यापुढे 'नवऱ्याला आवडलं'. मला हा रकाना पेटीतल्या निम्म्या पुस्तकांपेक्षा जास्त आवडतो.

पेटी उघडल्यावर जे नेहमी होतं ते झालं. जाड ऐतिहासिक कादंबऱ्या आणि 'श्रीमंत कसे व्हाल' छापाचे अनुवाद पहिल्या दहा मिनिटांत गेले. मी खालच्या थरातून 'माझा प्रवास' उचललं. काका म्हणाले, "अगं, ते गोडसे भटजींचं ना? शाळेत धडा होता. जुनी भाषा आहे, झेपेल का तुला टॅक्स रिटर्नच्या गडबडीत?"

बघू म्हटलं.

सोमवार

ऑफिसमध्ये श्वास घ्यायला वेळ नाही. ३१ जुलै जवळ आली की अख्ख्या शहराला एकदम आठवतं की आपल्याला उत्पन्न आहे. आज एक गृहस्थ बँकेची स्टेटमेंट्स पिशवीत कोंबून आले, वर कांदे. कांदे त्यांनी बाजूला काढून ठेवले आणि पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली.

रात्री गोडसे भटजी. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर येतं आणि १८५७ मध्ये काकाला घेऊन हा माणूस पायी उत्तरेला निघतो. वाटेत बंडाची बातमी. परत फिरावं की पुढं जावं? पुढं जातात. कर्ज फेडायचंय ना.

मला हेच फार आवडलंय. आपल्या डोक्यात १८५७ म्हणजे तलवारी, घोडे, पाठीवर बांधलेलं बाळ. भटजी मात्र कुठे काय दान मिळालं, कुठे जेवण कसं होतं, कोणत्या दात्याचा हात सढळ आणि कोणाचा आखडता, हे सांगत सांगत इतिहासाच्या ऐन मध्यावर जाऊन उभे राहतात. त्यांना आपण इतिहास लिहितोय याचा पत्ताही नाही. पुष्कळ वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी आठवून लिहिलं, आणि सरकारची धास्ती म्हणून छापलं गेलं ते १९०७ मध्ये, त्यांच्या पश्चात. वैद्यांनी भाषेवरून हात फिरवला होता. मूळ लिखाण जसंच्या तसं यायला १९६६ उजाडलं, ते दत्तो वामन पोतदारांमुळे.

आणि आता गंमत. पेटीतल्या या प्रतीत आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं समासात बेरीज मांडलीय! भटजींना जिथं जिथं रुपये मिळाले तिथं तिथं बारीक आकडा, आणि काही पानांनंतर खाली रेघ मारून एकूण. हातचा एक वर लहानसा लिहिलेला. अक्षर तिरकं, सातचा आकडा जुन्या वळणाचा. ही पेटी याआधी कुठे होती कोण जाणे, पण तिथं कुणीतरी माझ्याच जातकुळीचं माणूस पेन्सिल कानामागे खोचून हे पुस्तक वाचत होतं. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला एरवी संताप येतो. यांना माफ.

बुधवार

गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलंय असं दूधवाला सांगून गेला. नाशकात पुराचं माप हेच. धरणातून किती क्युसेक सोडलं ते कुणी विचारत नाही, मारुती किती बुडाला ते विचारतात.

आई (म्हणजे सासूबाई) सध्या वाचत नाहीत, ऐकतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलानं त्यांना मोबाईलवर ऐकायची पुस्तकं लावून दिली तेव्हा आम्हाला वाटलं, हरिविजय, दासबोध वगैरे होईल. त्यांनी नारायण धारपांच्या भयकथा धरल्या. सकाळी मेथी निवडताना स्वयंपाकघरात ओसाड वाडा, बंद खोली आणि कुणीतरी जिना चढतंय. मी चहा करायला गेले की दचकते, त्या देठं मोडत शांत. मधेच थांबवून म्हणतात, "हा मुलगा आता मरणार बघ." मुलगा मरतो. मेथी निवडून होते.

मी विचारलं, आई, भीती नाही वाटत? तर म्हणाल्या, "पूर्वी वाचायचे तेव्हा वाटायची. तुझे सासरे रात्रपाळीला असायचे ना."

शुक्रवार, उशिरा

झाशीचा वेढा वाचून संपवला. मधे ठेवता आला नाही. भटजी शहरातच होते. १८५८ सालच्या त्या दिवसांत तोफा, मग इंग्रज फौज आत, मग कत्तल आणि लूट. लुटीचं वर्णन ते इतक्या क्रमवार करतात की माझ्यासारखीच्या अंगावर काटा येतो: आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, कपडालत्ता, शेवटी धान्यसुद्धा. एक शहर रिकामं होताना कोणत्या दिवशी काय गेलं त्याची ही यादी. रडारड नाही, विशेषणं नाहीत. त्यांचं स्वतःचं मिळवलेलंही जातंच. आणि या सगळ्यात वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली ते सांगताना मात्र या हिशेबी माणसाचा सूर बदलतो. पैशाचं दुःख त्यांनी दोन ओळींत आवरलंय, पोथ्यांचं आवरत नाही.

आमचे पेन्सिलवाले इथं थांबलेत. लूट सुरू झाल्यावर समास कोरे. वजाबाकी मांडायची त्यांची इच्छा नसावी.

पुढं काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते. झाशी गेलेली, घोड्यावरून आलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नको, मी काढते. मडक्यातलं पाणी ती ओंजळीनं पिते. राणीवर मी कादंबऱ्या वाचल्यात, मालिका बघितल्यात. त्या सगळ्यांत मिळून ती मला एवढी दिसली नव्हती. का, तर भटजी तिच्याकडे नायिका म्हणून बघत नाहीत. समोर तहानलेलं माणूस आहे आणि पाणी कोणी काढायचं हा प्रश्न आहे, एवढंच ते सांगतात.

आता साडेबारा झाले. उद्या जीएसटीवाले.

रविवार

काकांकडे जमलो. पेटी आल्यानंतरच्या रविवारी चहा असतो आणि 'सध्या काय चालू आहे' विचारलं जातं. पाचव्या मजल्यावरची कॉलेजकन्या जपानी कॉमिक्स वाचते, मोबाईलवर, उजवीकडून डावीकडे. तिनं सगळ्यांना कसं वाचायचं ते दाखवलं, दोघांनी चष्मे बदलले, कुणालाही कळलं नाही. एक नवं बिऱ्हाड आलंय, नवरा-बायको दोघं कोल्हापूरकडचे. तो कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचतोय, २०२३ चा साहित्य अकादमी मिळालेली. धरणापायी गाव उठलं, माणसं दुसरीकडे गेली आणि म्हशी मागं राहिल्या, असं तो सांगायला लागला आणि बोलता बोलता स्वतःच्या आजोळावर गेला. पुस्तक बाजूलाच राहिलं, पण ते ऐकून तीन जणांनी रजिस्टरमध्ये 'रिंगाण'साठी नाव लावलं. ते पेटीत नाहीच, त्याचं स्वतःचं आहे, हे काकांनी नंतर सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.

एका साहेबांनी नेहमीप्रमाणे एका जगप्रसिद्ध रशियन कादंबरीचं नाव घेतलं. ते ती गेल्या पेटीपासून वाचताहेत, त्याआधीच्या पेटीपासूनही. त्यांचा चहा लवकर संपतो.

माझी पाळी आली तेव्हा मी दोन नावं सांगितली. दुसरं 'स्मृतिचित्रे'. ते घरचं आहे, दरवर्षी पावसाळ्यात कुठूनही उघडते. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकली, आणि १९३४ पासून तिचं हे आत्मचरित्र येऊ लागलं. नवरा कवी आणि कमालीचा उदार, म्हणजे घरात पैसा टिकायची सोय नाही. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती होतो. ही मागे राहते, मग काही वर्षांनी त्याच्याकडे जाते, पण सोवळं-ओवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. आणि मग ते हळूहळू कसं सुटत गेलं ते सांगते, स्वतःलाच हसत. रेव्हरंड टिळकांवर तिचं प्रेम केवढं आणि रागही केवढा! एका परिच्छेदात दोन्ही, आणि शिवण दिसत नाही.

या वेळी गोडसे भटजी डोक्यात असल्यामुळे एक गोष्ट नव्यानं दिसली. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानं तिच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. धुणं, पुन्हा धुणं, शिवाशिव, घरादाराला जाच. तेच साल, पण इथं ते मोरीपाशी पोचलंय, धाकानं ओल्या राहिलेल्या लुगड्यांत. भटजींकडे ते पिशवी रिकामी करून गेलं. दोघांपैकी कुणीही स्वतःला लेखक समजत नव्हतं, आणि मला वाटतं त्यामुळेच 'हे लिहिण्याजोगं नाही' असं ठरवायची सवय त्यांना नव्हती. आमच्या हल्लीच्या आत्मचरित्रांमध्ये सत्कार असतात, परदेश दौरे असतात, मान्यवरांसोबतचे फोटो असतात. महिना कसा काढला ते नसतं. पगार किती होता ते तर नसतंच.

हे मी जरा जास्तच तावातावानं बोलले असणार, कारण सगळे गप्प झाले. मग काका म्हणाले, "बेरीज मांडलीय म्हणालीस ती दाखव."

मी वर जाऊन पुस्तक आणलं. काकांनी ते खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावर सारला, पान डोळ्यांजवळ धरलं. पाच मिनिटं कुणाशी बोलले नाहीत. काकूंनी बिस्किटांची बशी फिरवली, ती त्यांच्यापाशी जाऊन परत आली.

"चुकलीय," ते म्हणाले.

काय?

"बेरीज. हा खालचा आकडा बघ. हातचा धरलाय, पण मिळवला नाही."

आणि ते पुस्तक त्यांनी खाली ठेवलंच नाही. माझ्या तारखेला अजून आठवडा बाकी आहे, शेवटची पन्नासेक पानं राहिलीत, भटजी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घराकडे निघालेत, हे मी सांगून पाहिलं. काका म्हणाले, "कर्ज फिटलं का त्याचं, तेवढं बघतो आणि देतो." रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे त्यांनी आजची तारीख घातली, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि 'आवडलं का?' खाली मला न विचारता 'हो' टाकलं.

बदल्यात त्यांच्या कपाटातला बाबूराव अर्नाळकरांचा एक झुंजार माझ्या हातात दिला. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं, काकांच्या मते निदान शंभर तरी प्रत्येक मराठी माणसाच्या वाचनात हव्यात. कागद पिवळा पडलाय, वास नवसागरासारखा. घरी आल्यावर आईंनी मुखपृष्ठ बघितलं आणि म्हणाल्या, "हे मी वाचलंय. मोठ्यानं वाच, परत ऐकते."

तेव्हा आता जेवणानंतर रोज वीस पानं. आज पहिला खून झाला. आईंनी खुनी ओळखलाय, सांगत नाहीत.