'वे ऑफ द सामुराई ३' : तिन्ही गटांच्या वाटा खेळून झाल्यानंतरची नोंद

'वे ऑफ द सामुराई ३' या जपानी व्हिडिओ गेममध्ये तीन परस्परविरोधी गट आहेत, आणि प्रत्येक फेरीत, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदा खेळताना, त्यांपैकी कोणाचीही बाजू घेता येते. मागील नोंद लिहिली तेव्हा फुजिमोरी घराण्याच्या बाजूने खेळलेली फेरी नुकतीच पूर्ण झाली होती. त्यानंतर ओका गटाची वाट आणि ताकातने गावाची वाट अशा दोन्ही शेवटापर्यंत नेल्या आहेत. त्यामुळे या खेळातील निवडींविषयी आपल्या खेळाडूंच्या मंडळात जी उलटसुलट मते गेले काही महिने मांडली जात आहेत, त्यांवर आता काहीशा अधिकाराने लिहिता येईल असे वाटते. या खेळाचे सगळे शेवट पाहणे हे माझे उद्दिष्ट कायम आहे. शेवटांची संख्या वीसच्या वर असल्याने काम बरेच बाकी आहे, परंतु मुख्य तीन वाटांचा सांगाडा आता डोळ्यांसमोर स्पष्ट उभा राहतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ही मालिका जपानमधील 'अक्वायर' या कंपनीची आहे. १९९८ मध्ये 'तेनचू' हा चोरपावलांचा निंजा खेळ याच कंपनीने घडवला आणि २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर 'वे ऑफ द सामुराई'चा पहिला भाग आणला. तिसरा भाग जपानमध्ये २००८ साली प्लेस्टेशन ३ वर आला आणि संगणकावर २०१६ मध्ये उपलब्ध झाला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो संगणकावरच पाहिलेला आहे. कथा सेंगोकू काळातील, म्हणजे १४६७ च्या ओनिन युद्धापासून पुढे शतकभराहून अधिक काळ चाललेल्या यादवीच्या काळातील आहे. आमाना नावाचा प्रदेश काल्पनिक असला तरी त्यातील पेच त्या काळाला अगदी धरून आहे. साकुराई घराण्याची सत्ता उलथून फुजिमोरी शुझेन गादीवर बसला आहे. साकुराईंशी इमान राखणारे लोक ओका या नावाने एकत्र येऊन त्याच्याविरुद्ध उठले आहेत, आणि या दोघांच्या भांडणात ताकातने गावातील शेतकरी भरडले जात आहेत. चाकराने धन्याला खाली खेचून स्वतः धनी व्हावे, हे त्या काळात जपानभर घडत होते. शुझेनचे पात्र त्यामुळेच मला एखाद्या साच्यातील खलनायकापेक्षा कितीतरी अधिक पटणारे वाटते.

आता मुख्य मुद्दा. या खेळातील निवड प्रामुख्याने संवादाच्या यादीत नाही, ती तलवारीच्या म्यानात आहे. इतर बहुतेक खेळांत एखादा प्रसंग सुरू झाला की आपण हात बांधून बघत राहतो आणि मध्येच दोन-तीन वाक्यांपैकी एक निवडतो. येथे प्रसंग चालू असतानाच तलवार उपसता येते. समोरचा मनुष्य बोलत असतो, त्याचे वाक्य पुरे झालेले नसते, आणि आपण बटण दाबले की पाते बाहेर येते, संवाद तुटतो आणि तेथून कथा दुसरीकडे वळते. याच्या उलट टोकाला 'दोगेझा' आहे, म्हणजे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून क्षमा मागणे. तेही कोणत्याही क्षणी करता येते. भर रस्त्यात करता येते, ऐन लढाईत करता येते, आणि ज्याच्याशी आपले काही भांडण नाही त्याच्यासमोरही करता येते. नुसती तलवार उपसून बाजारातून चालत गेलो तरी आसपासची माणसे घाबरून पळू लागतात किंवा अंगावर धावून येतात. अशा वेळी पाते म्यानात घालून जमिनीवर डोके टेकले तर पेटलेले भांडण अनेकदा तेथेच विझते.

या दोगेझावर आपल्या खेळाडूंमध्ये सरळ दोन तट पडलेले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, ही निव्वळ गंमत आहे. सामुराई पदोपदी लोटांगण घालतो हे पाहून हसू येते आणि त्या पात्राची जी भारदस्त प्रतिमा मनात असते तिला धक्का बसतो. दुसऱ्या तटाला, ज्यात मी आहे, हीच या खेळातील सर्वांत गंभीर निवड वाटते. याचे कारण ओका गटाची फेरी खेळताना फार जवळून जाणवले. एका प्रसंगात दोन्ही बाजूंच्या तलवारी बाहेर आल्या होत्या, माझे पात्र मधोमध उभे होते, आणि कोणाचा तरी जीव जाणार हे उघड दिसत होते. मी लढलो असतो तर सहज जिंकलो असतो, कारण हातातले पाते तोपर्यंत चांगले पक्के झालेले होते. तरीही गुडघे टेकले. कॅमेरा खाली आला, पडद्यावर फक्त पाठ आणि मातीत टेकलेले तळवे दिसत राहिले, आणि पुढची काही क्षणांची शांतता मला मोठ्या लढाईपेक्षा अधिक ताणाची वाटली. जिंकण्याची ताकद हातात असताना ती न वापरणे, हा पर्याय खेळाने मेनूत लपवून न ठेवता थेट एका बटणावर दिला आहे, आणि यासाठी मला या मालिकेविषयी मनापासून आदर आहे.

ताकातने गावाच्या फेरीत मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता की शक्य तेथे 'मिनेउची' वापरायची. कताना, म्हणजे सामुराईची वक्र तलवार, एका बाजूनेच धारदार असते. तिची बोथट पाठ पुढे करून मारले तर समोरचा कोसळतो, पण मरत नाही. खेळात एका बटणाने पाते हातातच उलटे वळते, आणि ती हालचाल इतकी नीट दाखवलेली आहे की सवय झाल्यावर शत्रूचे पाते कोणत्या बाजूने येत आहे याकडेही आपोआप लक्ष जाऊ लागते. अशा प्रकारे पाडलेली माणसे कथेत जिवंत राहतात, आणि म्हणूनच पुढील घटनांना त्यांची गरज असेल तर त्या घटना घडू शकतात. ज्यांना गावाची वाट वारंवार अर्धवट तुटते असे वाटते, त्यांनी आधीच्या चकमकींत कोण मेले हे एकदा तपासून पाहावे. या खेळात जवळजवळ कोणालाही मारता येते, कथेचा आधार असलेल्या पात्रांनाही, आणि एखादे महत्त्वाचे पात्र गेले म्हणून खेळ आपल्याला थांबवत नाही. त्या माणसावर उभी असलेली वाट फक्त निमूटपणे बंद होते.

गावाच्या वाटेबद्दल एका जुन्या सहखेळाडूने असा आक्षेप घेतला होता की, शेतकऱ्यांनी हत्यारे उचलून घराण्यांना तोंड देणे ही लेखकांची भाबडी कल्पना आहे. मला हा आक्षेप मान्य नाही. सेंगोकू काळातील गावे स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्रे बाळगत असत. जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडील तलवारी, भाले आणि बंदुका काढून घेण्याचा हुकूम सोडला. शेतकऱ्यांच्या घरात ही हत्यारे सर्रास असल्याशिवाय असा हुकूम काढण्याची वेळ आली नसती. शेतकरी आणि सामुराई यांच्यातील भिंत पक्की झाली ती त्यानंतर. आमानातील गावकरी त्या भिंतीच्या आधीच्या जगात राहतात, आणि हे ध्यानात घेऊन खेळले तर तीन वाटांपैकी हीच वाट सर्वांत भरीव वाटते.

आता उणिवांकडे वळतो, कारण तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे सगळे खोटे नाही. लढाईचा तोल कच्चा आहे. काही डावपेच इतके प्रभावी आहेत की ते हाती आल्यावर बाकीचे शिकण्याची गरजच उरत नाही, आणि शत्रूंची संख्या वाढली की कॅमेरा भिंतीत अडकून पाठीमागचा वार दिसतच नाही. पैशांसाठी करायची किरकोळ कामे, म्हणजे वस्तू पोहोचवणे, कोणाला तरी शोधणे, कोणाला तरी झोडपणे, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कंटाळवाणी होतात. प्रदेश लहान आहे आणि त्याची चित्रे २००८ च्या मानानेही साधी होती. सर्वांत रास्त तक्रार मला ही वाटते की, योग्य वेळी योग्य ठिकाणी हजर नसलो तर घटना हातची जाते आणि ती गेली हे खेळ सांगतही नाही. नव्या खेळाडूला पहिल्या फेरीत काहीच न घडता अचानक शेवट समोर येतो, आणि तो खेळ पोकळ आहे असे ठरवून मोकळा होतो.

परंतु पहिल्या फेरीवरून या खेळाचे मोजमाप करणे म्हणजे पहिल्या पंगतीत मीठ वाढले एवढ्यावरून जेवण अळणी की खारट ते ठरवण्यासारखे आहे. एक फेरी काही तासांत संपते. वाटले तर प्रदेशाची वेस ओलांडून निघून जाता येते, आणि तोही एक शेवटच धरला जातो. हा आखूडपणाच निवडींना वजन देतो, कारण चाळीस तासांची गुंतवणूक पणाला लागलेली नसल्याने खेळाडू खरोखर वेगळे वागून पाहतो. पहिल्या फेरीत ज्याच्यासाठी लढलो त्याच्याच विरोधात दुसऱ्या फेरीत उभे राहिल्यावर त्याची दुसरी बाजू दिसते. शुझेनविषयीचे माझे मत फुजिमोरींच्या फेरीनंतर बदलले आणि गावाच्या फेरीनंतर पुन्हा बदलले.

नव्या खेळांशी तुलना अनेकांनी केली आहे, म्हणून त्याविषयीही थोडे लिहितो. २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये आशिनाच्या किल्ल्यावर पालक पित्याची आज्ञा पाळायची की मोडायची हा निर्णय जबरदस्त आहे. आज्ञा पाळली तर कथा तेथेच काळवंडून लवकर संपते. पण अशी वळणे त्या खेळात मोजकीच आहेत. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये नायकाचे काका शिमुरा यांच्याबाबतचा निर्णय अगदी अखेरीस येतो. तो मनाला चटका लावतो, मात्र तोपर्यंतची मुख्य कथा सर्वांसाठी एकच असते. २०२४ चा 'राइज ऑफ द रोनिन' या चर्चेत अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात शोगुनशाहीच्या, म्हणजे शोगुन या लष्करी शासकाच्या राजवटीच्या, बाजूने की विरोधात हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. योकोहामा, एदो आणि क्योतो या तिन्ही ठिकाणी आपल्या संगतीची माणसे त्यावरून बदलतात. त्यात मागे जाऊन जुनी मोहीम दुसऱ्या बाजूने खेळण्याची सोयही आहे. ही सोय काहींना फार आवडते. मला मात्र तिच्यामुळे निर्णयाची धार कमी झाल्यासारखी वाटते. शिवाय खऱ्या इतिहासाची चौकट असल्याने तेथील कथेला शोगुनशाही संपवणाऱ्या १८६८ च्या सत्तांतराकडे जावेच लागते. आमाना काल्पनिक असल्यामुळे तेथे कोण टिकेल आणि कोण मातीत जाईल, हे खरोखर आपल्यावर सोडता आले आहे.

मालिकेतीलच इतर भागांपैकी पहिला भाग मला रचनेत सर्वांत घट्ट वाटतो. १८७८ मधील एक घाट, दोन दिवस, आणि तलवार बाळगण्यावर दोनच वर्षांपूर्वी बंदी आलेली. चौथ्या भागात आमिहामा बंदर, ब्रिटिश आरमार आणि परकीयद्वेष्टे असा मोठा पट आहे, पण थिल्लरपणा इतका वाढला आहे की गंभीर प्रसंगही मनाला भिडत नाहीत. त्यावर सविस्तर लिहिण्याइतका तो भाग मी अजून खेळलेलो नाही.

हत्यारांची प्रगती अशी आहे. दोजिमा लोहाराकडे पाते, त्सुबा (पाते आणि मूठ यांमधील हातरक्षक चकती), मूठ आणि मुठीचे टोक असे चार भाग जुळवून स्वतःची तलवार घडवता येते आणि तिला नावही देता येते. मी सध्या वापरत असलेली तलवार याच पद्धतीने घडवलेली आहे. तिचे पाते फारसे जहाल नाही, पण ते टिकाऊ आहे, आणि मिनेउचीने खेळणाऱ्याला टिकाऊपणाच अधिक उपयोगी पडतो. सतत वार अडवत राहिलो की कोणतेही पाते झिजते आणि दुरुस्ती टाळली तर ऐन लढाईत मोडते. म्हणून प्रत्येक मोठ्या चकमकीनंतर दोजिमाकडे फेरी मारण्याची शिस्त मी पाळतो. ज्या तलवारी गमावणे परवडणार नाही, त्या सोबत न बाळगता मागे ठेवून जाव्यात, असे नव्यांना आग्रहाने सांगेन.

पुढील फेरी ओकांच्याच बाजूने सुरू केली आहे. मात्र या वेळी सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकाही माणसाचा जीव घ्यायचा नाही असे ठरवले आहे. रणांगणावर जखमी होऊन पडलेले असताना दोन गावकरी भेटतात, तो आरंभीचा प्रसंग याच हिशोबाने पार पाडला असून आता फुजिमोरींच्या माणसांशी पहिली गाठ पडण्याच्या टप्प्यावर आहे. ज्यांनी ओकांची वाट रक्त न सांडता पूर्ण केली असेल, त्यांनी शुझेनसमोरच्या अखेरच्या भेटीत मिनेउची चालते की तेथे दोगेझाच करावा लागतो, एवढे जरूर कळवावे. शेवट कोणता मिळाला ते मात्र सांगू नये.